लाम्बोकने निवडलेली गिटार

शिलाँगच्या मावलाईत टॅक्सी चालवणारे पुष्कळ, आणि गिटार वाजवणारे त्याहून जास्त. जो दोन्ही करतो त्याच्याबद्दल आमच्याकडे लोकांचं मत आधीच ठरलेलं असतं : यातलं काहीतरी एक हा वाईट करत असणार. बाह लाम्बोक (पुरुषाला आम्ही मानाने बाह म्हणतो, बाईला कोंग) दोन्ही बऱ्यापैकी करायचा, आणि म्हणूनच कदाचित त्याचं कधी नाव झालं नाही. नाव व्हायचं तर माणसाने एखादी गोष्ट फार चांगली तरी करावी किंवा फार वाईट तरी.

तो मूळचा सोहराकडचा. तरुणपणी शिलाँगला आला, गाडी शिकला, आणि संध्याकाळी बँडमध्ये वाजवू लागला. आमच्याकडचे बँड भांडणाने फुटत नाहीत, लग्नाने फुटतात. पोरगा लग्न करतो आणि बायकोच्या घरी राहायला जातो. एक गेला जोवाईला, दुसरा नोंगस्टॉइनला, ड्रम वाजवणारा तर थेट डोंगरापलीकडे सासुरवाडीच्या सुपारीच्या बागा राखायला. मग तालमीला येणार कोण? लाम्बोकचा बँड असाच एकेक लग्नाने झिजत संपला. शेवटी तोही कोंग सिल्डालिनशी लग्न करून मावलाईच्या घरात आला. बरोबर एक ट्रंक, एक जुनी गिटार आणि वायरींचं हे मोठं भेंडोळं. सासूने दारातच विचारलं, "जावई आलाय की वायरमन?"

म्हातारी बोलायला तिखट, पण मनाने वाईट नव्हती. सिल्डालिन तिची धाकटी मुलगी. आम्हा खासी लोकांत घर धाकटीचं. आईबाप सांभाळायचे तिने, भावांना अडीनडीला दार उघडायचं तिने, आणि घराण्याचं नाव पुढे चालवायचं तेही तिच्याच पोटच्या मुलींनी. नवरा म्हणजे परक्याचं पोर. त्याला गरम जेवण मिळतं, मान मिळतो, पण शब्द चालतो तो मामाचा. लाम्बोकला याचं काही वाटायचं नाही, कारण सोहराला बहिणीच्या घरी तो स्वतः असाच मामा होता आणि तिथे त्याचा शब्द चालायचा. तिथलं देणं इथे फिटत होतं.

इथला मामा म्हणजे सिल्डालिनचा थोरला भाऊ, बाह वेलिंग्टन. राहायचा नोंगथिम्माईला, त्याच्या बायकोच्या घरी. उंच, टोकदार बूट, थंडी असो नसो अंगात चामड्याचं जाकीट. उमेदीत फुटबॉलचा रेफरी होता, आणि लोक म्हणायचे की मैदान सोडलं तरी शिट्टी काही याने सोडली नाही. रविवारी चर्च सुटलं की तो बहिणीकडे यायचा, चुलीजवळच्या मोड्यावर, वेताच्या बुटक्या बैठकीवर, बसायचा आणि आठवडाभराचे निकाल द्यायचा. छपराचा पत्रा बदलायचा की नाही, भाचीला, रिदाला, कुठल्या शाळेत घालायचं, रिदाचा दात काढायचा की भरायचा, सगळं तिथे ठरे. लाम्बोक समोर बसून सुपारी चघळत मान डोलवायचा.

रिदाहुन ही लाम्बोक-सिल्डालिनची एकुलती एक मुलगी. मागून दोन मुलं झाली ती टिकली नाहीत, तेव्हा घर सांभाळणारी धाकटी आणि घराची थोरली सगळं तीच. रिदाच्या बाबतीत एकाच गोष्टीवर वेलिंग्टनची शिट्टी वाजत नसे, ती म्हणजे गिटार. ती बापाची. लाम्बोकने तिला मांडीवर बसवून बोटं धरायला शिकवली. हाताला घट्टे पडले तेव्हा मिठाच्या पाण्यात बोटं बुडवून दिली. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरगी बापाच्या पुढे गेली आणि बापाला त्याचा इतका आनंद झाला की टॅक्सीत बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने ते सांगितलं. आवाजही होता तिला. खासी शब्दांची तिची स्वतःची गाणी होती, दणदणीत वाजवायची आणि हळू गायची. बाविसाव्या वर्षी तिचा बँड शहराबाहेरसुद्धा बोलावला जाऊ लागला. तेव्हा बापाची जुनी गिटार पुरेना, आणि नवी घ्यायचं ठरलं. अर्धे पैसे मामा घालणार होता, अर्धे बाप.

पोलीस बझारात बाह फर्लिनचं दुकान आहे. फर्लिन लाम्बोकच्या बँडमधला जुना सोबती. दुकानवाल्याच्या मुलीशी लग्न केलं, त्यामुळे वाद्यांजवळ राहिलेला आमच्यातला तो एकटाच, असं लाम्बोक म्हणायचा. बाप, मामा आणि मुलगी असे तिघे तिथे गेले. फर्लिनने दोन गिटारी खाली उतरवल्या.

एक सहीची. कोणा मोठ्या परदेशी वादकाने स्वतःसाठी करून घेतलेल्या गिटारीसारखी कारखान्याने काढलेली. काळी कुळकुळीत, टोकदार शिंगांची, वरच्या बाजूला त्या माणसाची चंदेरी सही. आत बॅटरी बसवलेली. दुसरी साधी, स्टँडर्ड. बाप-आजे वाजवत आले तसल्या आकाराची, फिकट पिवळी, कसला नखरा नाही.

वेलिंग्टनने काळी बघितली आणि तो दुसरीकडे वळलाच नाही. "हीच. लोक आधी डोळ्यांनी ऐकतात, मग कानांनी. ही घेऊन पोरगी उभी राहिली की पुढच्या रांगेतले मागे सरतील."

"दुसऱ्याची सही आहे तिच्यावर," लाम्बोक म्हणाला. "आपल्या दारावर शेजाऱ्याच्या नावाची पाटी लावल्यासारखं ते."

"अहो बाह, तुमच्या टॅक्सीवर येशूचं नाव आहे. तुम्ही येशू आहात का?"

फर्लिन हसला, रिदा हसली, लाम्बोकलाही हसू आलं. पण तो अँपकडे, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, वळला आणि त्याने तो चालू केला. मग त्याने ती जुन्या वादकांची परीक्षा केली जी आमच्याकडे प्रत्येकजण आपल्या वस्तादाकडून शिकतो. गिटार जोडून अँप नुसता चालू ठेवला की त्यातून बारीक गुणगुण येते. गिटारच्या तारांना हाताचा तळवा लावायचा. गुणगुण थांबली तर गिटार चांगली, नीट बांधलेली. लाम्बोकने आधी साधी जोडली. गुणगुण होती. तळवा ठेवला आणि ती विझली. मग काळी जोडली. तिच्यात गुणगुण जवळजवळ नव्हतीच, आणि हात लावला तरी काही फरक पडला नाही.

"बघितलंत?" लाम्बोक म्हणाला. "हिला हात लावला तरी कळत नाही. मेलेली आहे ही. साधी गिटार माणसाचा हात ओळखते."

वेलिंग्टनने मेव्हण्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत लाम्बोक त्याच्या शब्दावर कधी अडून बसला नव्हता. छपरावर नाही, शाळेवर नाही, दातावर नाही. आज त्याचे कान लाल झाले होते. रिदा दोघांच्या मध्ये उभी होती आणि गप्प होती. मामा आणि बाप दोन बाजूंना असले की पोरीने बोलायचं नसतं, हे आमच्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. ती दोन्ही वाजवून बघत म्हणाली, "दोन्ही छान आहेत."

मामाने "काळी" म्हटलं असतं तर काळी घरी आली असती. त्यात कोणाला वावगं वाटलं नसतं, लाम्बोकलाही नाही. पण वेलिंग्टनने जाकिटाच्या खिशातून हात काढला, मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चला, आज रेफरी तुम्ही. पिवळी घ्या."

लाम्बोक त्या दिवशी टॅक्सी चालवत नव्हता, तरंगत होता. घरी येऊन त्याने सिल्डालिनला सगळी हकीकत सांगितली, मग पुन्हा सांगितली. मेई, म्हणजे आई, असं मुलीचं नाव लावूनच तो तिला हाक मारायचा. "रिदाची मेई, आज बाह वेलिंग्टनने माझं ऐकलं," असं तो म्हणाला, तेव्हा तिने डुकराच्या मटणाचा भात उलथत "एकदाच ऐकलं ना? मग इतकं काय," असं म्हटलं, पण तिलाही बरं वाटलं होतं. माणसाला म्हातारपणी घरात एक तरी गोष्ट आपल्या म्हणण्याने झालेली हवी, असं तिचं म्हणणं.

पिवळ्या गिटारीने पोरीला काही कमी केलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. उन्हाळाभर ती तिच्यावरच वाजवत होती. कधीमधी गाताना ओठ माइकला लागले की बारीक झिणझिणी येते, असं ती बापाला म्हणाली. लाम्बोक हसला. आमच्याकडच्या वादकांत ही जुनी चेष्टा आहे, कुठल्यातरी गावच्या कार्यक्रमात ओठाला असा चटका बसला नाही असा गाणारा नसेल, आणि बसला की बाकीचे म्हणतात, "माइकने मुका घेतला, आता लग्न कर." लाम्बोकनेही हेच म्हटलं. वर एवढं सांगितलं की जरा लांबून गा.

ऑक्टोबर संपता संपता एका गावच्या वार्षिक मेळ्याचं बोलावणं आलं. वेलिंग्टनच्या ओळखीचं गाव. त्यानेच शब्द टाकला होता, त्यानेच पोरांना नेण्या-आणण्याची व्यवस्था केली. लाम्बोक आपली टॅक्सी घेऊन गेला, बायकोला पुढे बसवून. शाळेच्या पटांगणावर बांबूचा मंच घातला होता. दुपारी भुरभुर पाऊस पडून गेला होता आणि फळ्या ओल्या होत्या. जनरेटर सारखा बंद पडत होता, म्हणून कोणीतरी गिटारच्या अँपला शेजारच्या घरातून तार ओढून वीज दिली आणि माइकचा खोका जनरेटरलाच जोडलेला ठेवला. असं आमच्या गावोगावी होतं. लाम्बोकने ती तार पाहिलीसुद्धा. तरुणपणी त्याने स्वतः अशा शेकडो तारा ओढल्या होत्या.

रिदाचं जेमतेम दुसरं गाणं चालू होतं. ती एका ओळीसाठी माइकजवळ सरकली आणि तिने मान खाली घातली. मान घालून ती वाकली, वाकूनच राहिली. सुराच्या भरात गिटारवाले असे वाकतात. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. लाम्बोकनेही टाळ्या वाजवल्या. आधी सिल्डालिन उठली. तिने टाळ्या वाजवणाऱ्या नवऱ्याचा हात धरला आणि ती मंचाकडे धावली. तोवर रिदा आडवी झाली होती, पट्टा गळ्यात, बोटं तारांवर आवळलेली. ड्रमवाल्या पोराने लाथेने प्लग उडवला. वेलिंग्टन मंचाच्या बाजूलाच उभा होता. त्याने तिला उचललं, आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसला. लाम्बोक घाटातून गाडी हाणत होता आणि मागून वेलिंग्टन सारखा म्हणत होता, "श्वास आहे, श्वास आहे, चला." श्वास नव्हता. ती पटांगणावरच गेली होती.

आमच्याकडे माणूस मेलं असं म्हणत नाहीत. देवाच्या दारी सुपारी खायला गेलं म्हणतात. लोक तेच म्हणत आले. अंगणात मांडव पडला, दफन होईपर्यंत रोज माणसं जमून भजनं म्हणत राहिली, बायकांनी मोठ्या पातेल्यांत लाल चहा उकळला, वस्तीतल्या पोरांनी खड्डा खणला. तिच्याच बँडची पोरं साध्या लाकडी गिटारींवर साथ करत होती आणि त्यांची बोटं चुकत होती. घराण्याच्या म्हाताऱ्या कोपऱ्यात बसून हळू आवाजात बोलत होत्या. पोरगी तर गेलीच, पण घरही गेलं. सिल्डालिनच्या मागे या घरात चूल पेटवणारी कोणी राहिली नाही. घर तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलींकडे जाणार, आणि ही शाखा इथे खुंटली. असं वाळलेलं घर म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मोठा शाप, आणि शत्रूलाही तो कोणी देत नाही.

सिल्डालिन रडली नाही. ती लोकांना चहा देत राहिली. सगळे गेल्यावर मात्र दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे ती नवऱ्याला हाक मारेना. आमच्यात नवराबायको एकमेकांना मुलाच्या नावाने हाक मारतात, आणि ते नाव आता तिच्या तोंडातून निघत नव्हतं. "जेवण झालंय," एवढंच ती भिंतीकडे बघून म्हणायची. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. रविवारी वेलिंग्टन आला, मोड्यावर बसला, आणि तिने त्याच्यापुढे सुपारीचं ताट ठेवलं नाही.

खासी घरात सुपारी न मिळणं म्हणजे काय ते खासी माणसालाच कळेल. वैरी आला तरी आधी पानावर चुना लावून सुपारी पुढे होते, भांडण मागून. सिल्डालिनने लाम्बोकसाठी सुपारी कातरली, स्वतःसाठी कातरली, अडकित्ता पुसून ठेवला. वेलिंग्टन रिकाम्या हातांकडे बघत बसला, थोड्या वेळाने उठला आणि गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. पुन्हा तेच. जाकीट आता त्याच्या खांद्यांवरून खाली उतरू लागलं होतं. दाढी करायचं त्याने सोडलं. घराण्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला बोलावून विचारलं होतं म्हणे, की तू मामा, तू पोरीला तिथे नेलंस, तू विजेच्या तारा बघितल्या नाहीस? त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. लाम्बोकला कोणीच काही विचारलं नाही. परक्याच्या पोराला काय विचारायचं? उलट बिचाऱ्याचं लेकरू गेलं म्हणून लोक त्याचंच सांत्वन करत.

त्या गिटारीला घरात कोणी हात लावत नव्हतं. एके दिवशी सिल्डालिन बाजारात गेलेली असताना लाम्बोकने ती टॅक्सीत टाकली आणि फर्लिनच्या दुकानात नेली. त्याला वाटत होतं, गिटारमध्ये काहीतरी खोट निघावी. कारखान्याची चूक, एखादा सुटलेला सांधा. म्हणजे मग कोणावर तरी रागावता येईल, आणि वेलिंग्टनला सांगता येईल की बघा, तुमचा काही दोष नव्हता.

फर्लिनने मागचं झाकण काढलं, गिटार दिव्याखाली धरली. 

"खोट शोधतोयस?" त्याने विचारलं.

"हो."

"नाही सापडणार. ही काळी वायर बघ. तारांपासून आत येते आणि आतून अँपच्या पत्र्याला जाऊन मिळते. पक्का सांधा. शेजारच्या घरातून ओढलेल्या त्या विजेच्या तारेनं अँपच्या पत्र्यात वीज उतरली होती, ती या वायरीने गिटारच्या तारांत आली. हात तारांवर, ओठ माइकला, वीज पोरीच्या अंगातून पार. गिटारनं तिचं काम चोख केलं."

"हात लावला की गुणगुण थांबते, ती हिच्यामुळेच?"

"हिच्यामुळेच."

लाम्बोकने वर पाहिलं. समोर भिंतीवर ती काळी, सहीची गिटार अजून टांगलेली होती. कोणी घेतली नव्हती.

"आणि तिच्यात?"

"जाऊ दे ना लाम्बोक."

"विचारतोय मी."

फर्लिनने स्क्रू परत बसवायला घेतले. "तिच्यात ही वायर नाही. ती बॅटरीवर चालते. तारा कशालाच जोडलेल्या नसतात."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"दुकानात उभं राहून मरणाचं कोण बोलतं रे? आणि मला सुचलंही नाही. तू म्हणालास ते मलाही पटलं होतं. आपण सगळे तळवा ठेवूनच गिटारी घेत आलो. जन्मभर झटके खाल्ले आणि हसलो." शेवटचा स्क्रू त्याच्या हातून खाली पडला. तो शोधायला तो वाकला आणि टेबलाखालीच जरा वेळ राहिला.

त्या दिवसापासून लाम्बोकची झोप गेली, अन्न गेलं, आणि टॅक्सीत तो गिऱ्हाइकांशी बोलेनासा झाला. सांगावं तर काय होईल हे त्याला दिसत होतं. ज्या घरात मूल नाही तिथे परक्याच्या पोराला धरून ठेवणारं काय असतं? सिल्डालिन एक शब्द बोलली की तो ट्रंक उचलून सोहराला बहिणीकडे परतणार होता. या वयात. बहीण घेईल, तिला घ्यावंच लागतं. पण सिल्डालिन पुन्हा दिसायची नाही, आणि रिदाच्या कबरीवर जायला परवानगी मागावी लागेल. न सांगावं तर रविवार यायचा. वेलिंग्टन यायचा. ताट लाम्बोकपुढे यायचं आणि वेलिंग्टनच्या पुढून तसंच निघून जायचं, आणि ती सुपारी लाम्बोकच्या तोंडात मातीसारखी फिरायची. मी सरळच सांगतो, तो भित्रा माणूस होता. उरलेला नोव्हेंबर त्याने गप्प राहून काढला.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी वेलिंग्टन आला तेव्हा त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती आणि ती त्याला माहीत नव्हती. एवढंच कारण झालं. सिल्डालिनने ताट घेतलं, नवऱ्यासमोर ठेवलं, आणि लाम्बोकने ते बाजूला सरकवलं.

"ही मला देऊ नकोस," तो म्हणाला. "दोघांनी ऐका."

मग त्याने सगळं सांगितलं. काळी वायर, तळव्याची परीक्षा, फर्लिन काय म्हणाला ते. सांगताना तो अडखळला, मागे गेला, पुन्हा पुढे आला, पण काही लपवलं नाही. "सहीची घेतली असती तर तिच्या तारांत वीज आलीच नसती. शेजारच्या घरातून कोणीतरी ओढलेली ती विजेची तारही मी पाहिली होती, आणि बोललो नाही. बाह वेलिंग्टन, तुम्ही पोरीला मेळ्याला नेलंत, एवढंच तुम्ही केलंत. तिच्या हातात ती गिटार मी दिली. म्हणून सांगतो, तुमच्यावर यातलं काही नाही. आता मला घराबाहेर काढायचं असेल तर काढा."

चुलीवर पाणी उकळत होतं. सिल्डालिनने ते उतरवलं नाही. ती भावाकडे बघत होती, आणि कितीतरी आठवड्यांनी नीट बघत होती. मग तिने पान घेतलं, चुना लावला, सुपारी कातरली, आणि ताट उचलून भावापुढे धरलं.  "घे," ती म्हणाली. "दादा, घे."

वेलिंग्टनने ताटाकडे पाहिलं पण हात पुढे केला नाही.

"म्हणजे मी बरोबर निवडली होती," तो म्हणाला.

"हो, तेच तर," लाम्बोक म्हणाला.

"बरोबर निवडली होती आणि सोडून दिली." तो हळू बोलत होता, जणू स्वतःलाच समजावत होता. "तुम्ही बाप. तुमचा शब्द चालत नाही हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. शब्द माझा होता. तुमचे कान लाल झालेले बघितले आणि मला वाटलं, बिचारा, एकदा याच्या मनासारखं होऊ दे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी पोरीच्या हातातली गिटार बदलली."

"तुम्हाला काय माहीत होतं? तुम्ही रंग बघून घेत होतात."

"रंग बघून का होईना, मामाच्या तोंडून देवाने बरोबर वदवलं होतं ना? मामा कशासाठी असतो मग?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "आजवर मला वाटत होतं, पाऊस होता, जनरेटर होता, माझं नशीब होतं. रोज सकाळी उठून मी त्या पावसावर थोडं ढकलायचो. आता पाऊसही राहिला नाही."

"बाह, मी तुम्हाला मोकळं करायला सांगितलं."

"माहीत आहे. वाईट मनानं नाही सांगितलंत."

तो उठला. सिल्डालिन ताट धरून त्याच्यामागे दारापर्यंत गेली. तिने पुन्हा "घे" म्हटलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुपारी घेतली नाही, आणि उतारावरून सुटलेल्या नाडीने खाली चालत गेला. ती तो वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली. मग आत आली, ताट ओट्यावर ठेवलं आणि उकळून आटत आलेलं पाणी उतरवलं.

लाम्बोक मोड्याशेजारी उभा होता. ट्रंक कुठे आहे याचा तो विचार करत होता.

"तुम्ही कुठे जाऊ नका," ती म्हणाली. "जायचं कशाला? आता जाऊन काय होणार आहे?" आणि मग, मेळ्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच, तिने त्याला मुलीच्या नावाने हाक मारली. "रिदाचे पापा, इतके रविवार मी त्याला सुपारी दिली नाही, तरी तो येत होता. का येत होता, कळलं नाही तुम्हाला? आज ना उद्या ही देईल म्हणून येत होता. आणि मी देणार होते. नाताळच्या आधी देणार होते. माझं ठरलं होतं."

लाम्बोकने चुलीतली लाकडं मागे ओढली. 

नाताळला सिल्डालिनने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, तिळाचं मटण केलं आणि तिघांची पानं मांडली. वेलिंग्टन आला नाही. त्यानंतर तो त्या घरी कधीच आला नाही.